गाळणी बिघडते तेव्हा

चहाची गाळणी दोन तऱ्हांनी बिघडते. जाळी फाटली तर चोथा कपात उतरतो आणि जाळी तुंबली तर चहा खाली उतरतच नाही. दोन्ही वेळा बिघाड डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे गाळणी झटकून किंवा बदलून काम पुढे चालू होते. ई-मेलच्या वाटेवर बसवलेल्या गाळण्याही अशाच फाटतात आणि तुंबतात. पण तिथे बिघाडाचा आणखी एक प्रकार संभवतो. चहा कपातही येत नाही आणि भांड्यातही शिल्लक राहत नाही. पत्र पाठवणारा समजतो की ते पोचले. ज्याला मिळायचे तो समजतो की कोणी पाठवलेच नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे उत्तर, मुलाखतीचे बोलावणे, परीक्षा केंद्र बदलल्याची सूचना अशा कितीतरी गोष्टी आज याच वाटेने जातात. त्यामुळे हा प्रश्न केवळ संगणक-तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

प्रश्न साध्या शब्दांत असा मांडता येईल. नकोशी पत्रे अडवण्यासाठी बसवलेली गाळणीच बिघडली, तर टपालाच्या यंत्रणेने काय करावे? सगळी पत्रे आत सोडावीत, सगळी परत पाठवावीत, की आणखी काही मार्ग आहे? या प्रश्नाच्या उत्तराचा पाया गाळण्या प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी, १९८२ साली घातला गेला होता. तो कसा घातला गेला, आणि पुढच्या चाळीस वर्षांत गाळण्या मोडल्या तेव्हा तो कुठे कामी आला व कुठे विसरला गेला, हे या लेखात आपण पाहणार आहोत.

दोन संगणकांचे संभाषण

अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील बी.बी.एन. या कंपनीत काम करणाऱ्या रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली अर्पानेट या संगणक-जाळ्यावरून एका संगणकावरचे पत्र दुसऱ्या संगणकावर पाठवून दाखवले. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘अॅट’ हे चिन्ह घालण्याची पद्धत त्यांचीच. सुरुवातीची काही वर्षे हे टपाल, फाइली इकडून तिकडे नेण्यासाठी केलेल्या नियमांवरच निभावून नेले जाई. ऑगस्ट १९८२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील जॉन पोस्टेल यांनी टपालासाठी स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध केली. ‘अभिप्रायासाठी विनंती’ अशा नम्र नावाच्या टिपणांच्या मालेतील हे ८२१ क्रमांकाचे टिपण. त्यात सांगितलेल्या पद्धतीला एस.एम.टी.पी. म्हणतात आणि थोड्याफार सुधारणांनिशी आजही जगभरचे ई-मेल याच पद्धतीने एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाते.

ही पद्धत म्हणजे एक सभ्य संभाषण आहे. मराठीत मांडले तर ते साधारण असे होईल :

पाठवणारा : नमस्कार, मी अमुक संगणक.
घेणारा : २५०. नमस्कार.
पाठवणारा : हे पत्र अमक्याकडून आले आहे.
घेणारा : २५०. ठीक.
पाठवणारा : ते तमक्याला द्यायचे आहे.
घेणारा : २५०. ठीक.
पाठवणारा : आता मजकूर देतो.
घेणारा : ३५४. द्या. मजकूर संपला की एका ओळीवर नुसते टिंब द्या.
(येथे मजकूर आणि शेवटी टिंब)
घेणारा : २५०. पत्र मिळाले.

उत्तरातील तीन आकड्यांपैकी पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा. तो २ असेल तर ‘होय’. ३ असेल तर ‘पुढे बोला’. ५ असेल तर ‘नाही’, आणि हा नकार कायमचा असतो. उदाहरणार्थ ५५० म्हणजे अशी पेटी येथे नाही. पण पोस्टेल यांनी ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला आणखी एक उत्तर ठेवले. पहिला आकडा ४ असेल तर अर्थ होतो, ‘आत्ता नाही, नंतर या’. पेटी दुसऱ्या कामात गुंतली असेल तर ४५०, काम करता करता काही बिघाड झाला तर ४५१, जागा अपुरी पडली तर ४५२. सोयीसाठी आपण याला तिसरे उत्तर म्हणू. या लेखाचा खरा नायक तोच आहे.

तिसऱ्या उत्तराची गरज का पडली हे समजण्यासाठी त्या काळचे संगणक डोळ्यांसमोर आणायला हवेत. ते वरचेवर बंद पडत, त्यांच्या तबकड्या भरून जात, त्यांना जोडणाऱ्या तारा तुटत. आपल्याकडचीही स्थिती अशीच होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेतून अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचे टपाल टेलिफोनच्या जोडणीवरून जात-येत असे. जोडणी लागेपर्यंत पत्रे संगणकावर साठून राहत आणि लागली की पुढे सरकत. म्हणजे पत्र वाटेत थांबणे हा अपघात नव्हता, ती रोजची रीत होती. म्हणूनच घेणारा ‘नंतर या’ म्हणाला, तर पाठवणाऱ्या संगणकाने पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा असे ठरले. १९८९ सालच्या नियमांनी या प्रयत्नांचे प्रमाणही सुचवले : दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा तास असावा, आणि हार मानण्यापूर्वी निदान चार-पाच दिवस वाट पाहावी.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट ठासून सांगितली आहे. टिंबानंतरचे ‘२५०’ हे उत्तर म्हणजे रजिस्टर पत्र घेताना केलेल्या सहीसारखे आहे. सही झाली की जबाबदारी घेणाऱ्याची. त्यानंतर संगणक बंद पडला, जागा संपली, अशा क्षुल्लक कारणांसाठी पत्र हरवता कामा नये. पत्र पोचवणे अशक्यच झाले, तर मूळ पाठवणाऱ्याला तसे कळवायला हवे. हे कळवण्याचे पत्र परतीच्या पत्त्याची जागा मोकळी ठेवून जाते. तसे केले नाही तर ‘पत्र पोचले नाही’ हे कळवणारे पत्र पोचले नाही, मग त्याचे पुन्हा पत्र, अशी दोन संगणकांची कधीही न संपणारी लपंडाव सुरू होईल. पोस्टेल यांनी हा धोका १९८२ मध्येच ओळखला होता.

थोडक्यात, या टपालाची विश्वासार्हता ‘काहीही बिघडत नाही’ यावर उभी नव्हती. बिघाड होणारच, पण तो खरेपणाने सांगितला जाईल, यावर ती उभी होती.

नकोशी पत्रे आणि त्यांच्या गाळण्या

नकोशा पत्रांची चाहूलही पोस्टेल यांनाच लवकर लागली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका छोट्या टिपणाचा विषय होता : एखादा संगणक नको असलेली पत्रे पाठवत सुटला, तर ती नाकारण्याचा काही मार्ग घेणाऱ्याकडे असायला हवा. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. पुढे एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने ‘ग्रीन कार्ड’ मिळवून देण्याची जाहिरात यूझनेट या चर्चाजाळ्यावरील हजारो गटांत टाकली आणि अशा मजकुराला ‘स्पॅम’ हे नाव रूढ झाले. हे मूळचे एका डबाबंद मांसाचे नाव. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या एका प्रहसनात खाणावळीतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच मांस असते आणि गिऱ्हाइकाला ते टाळताच येत नाही. नाव कसे चपखल बसले ते सांगायला नको!

भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. म्हणजे आपण या जाळ्यात शिरलो तेव्हा स्पॅम आधीच हजर होते.

पहिल्या पिढीच्या गाळण्या पत्र वाचत नसत. ते कोणाकडून आले एवढेच पाहत. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅम पाठवणाऱ्या संगणकांच्या पत्त्यांची एक काळी यादी सुरू केली. त्या उपक्रमाचे नाव ‘मॅप्स’. रोमन लिपीतील ‘स्पॅम’ची अक्षरे उलटी लिहिली की हे नाव मिळते. यादी पाहण्याची युक्ती सुटसुटीत होती. समजा, १९२.०.२.९९ या पत्त्याच्या संगणकाकडून पत्र आले. घेणारा संगणक हे आकडे उलटे करतो, त्यांच्यापुढे यादीचे नाव जोडतो, आणि ‘९९.२.०.१९२.अमुकयादी’ हे नाव अस्तित्वात आहे का, असे विचारतो. नाव अस्तित्वात नसेल तर पाठवणारा निर्दोष. उत्तरादाखल १२७.०.०.२ यासारखा खुणेचा पत्ता आला, तर पाठवणारा यादीत आहे असे समजायचे आणि ५५० किंवा ५५४ म्हणून पत्र नाकारायचे.

दुसऱ्या पिढीच्या गाळण्या मजकूर वाचू लागल्या. १९९८ मध्ये काही संशोधकांनी बेजच्या संभाव्यता-नियमाचा यासाठी उपयोग करून दाखवला आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या एका लेखाने ती पद्धत लोकप्रिय केली. तिचे गणित वरच्या वर्गांतील मुलांना सहज समजेल. समजा, १०० नकोशा पत्रांपैकी ४० पत्रांत ‘बक्षीस’ हा शब्द आहे आणि १०० हव्या पत्रांपैकी फक्त २ पत्रांत. दोन्ही प्रकारची पत्रे सारख्याच संख्येने येत असतील, तर ‘बक्षीस’ असलेले पत्र नकोसे असण्याची संभाव्यता ४० भागिले ४२, म्हणजे सुमारे ९५ टक्के होते. अशा अनेक शब्दांची साक्ष एकत्र करून निकाल द्यायचा. याच सुमारास, २००१ मध्ये, जस्टिन मेसन यांची ‘स्पॅमअसॅसिन’ ही गाळणी आली. ती परीक्षकासारखी गुण देते. प्रत्येक संशयास्पद लक्षणाला ठरावीक गुण. बेरीज ५ झाली की पत्र नकोसे. मात्र ही गाळणी पत्रावर शिक्का मारून थांबते. शिक्का मारलेल्या पत्राचे पुढे काय करायचे, हे ती बसवणाऱ्याने ठरवायचे असते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोस्टेल यांच्या संभाषणात दोनच पात्रे होती. गाळणीच्या रूपाने तिथे तिसरे पात्र आले, आणि ते कोणा दुसऱ्याच्या यादीवर, कोणा दुसऱ्याने पाठवलेल्या नियमांवर, घड्याळ व तारखेवर विसंबून राहू लागले. यांपैकी एकही आधार निखळला की गाळणी बिघडणार. आणि ती तशी बिघडलीही.

सगळेच गुन्हेगार

ऑगस्ट २००३ मध्ये ‘ओसिरुसॉफ्ट’ या नावाने चालणाऱ्या एका काळ्या यादीवर विचारणांचा खोटा भडिमार करून ती बंद पाडण्याचे हल्ले झाले. अखेर ती बंद झाली. पण बंद होताना तिने प्रत्येक विचारणेला ‘होय, हा पत्ता यादीत आहे’ असे उत्तर देण्यास सुरुवात केली. म्हणजे जगातील प्रत्येक संगणक गुन्हेगार ठरला. या यादीवर विसंबून कायमचा नकार देणाऱ्या संगणकांनी चांगली पत्रेही सरसकट परत पाठवली.

तोच प्रकार काही वर्षांनी पुन्हा घडला. ‘ओ.आर.डी.बी.’ ही यादी डिसेंबर २००६ मध्ये रीतसर जाहीर करून बंद करण्यात आली. तरीही असंख्य संगणक तिला विचारतच राहिले, कारण ती विचारणा कोणी कधी बसवली याचा कोणाला पत्ताच नव्हता. मार्च २००८ मध्ये त्या यादीने प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणायला सुरुवात केली, आणि सव्वा वर्ष झोपलेले व्यवस्थापक एका दिवसात जागे झाले. जागे झाले खरे, पण दरम्यान त्यांच्या लोकांची पत्रे परत गेली होती.

या अनुभवांतून एक सुंदर उपाय निघाला. २०१० साली अशा याद्यांचे नियम लिहून काढण्यात आले. त्यानुसार प्रत्येक यादीत १२७.०.०.२ हा पत्ता असलाच पाहिजे, आणि १२७.०.०.१ हा कधीही असता कामा नये. वापरणाऱ्याने अधूनमधून दोन्ही पत्ते विचारून पाहावेत. पहिल्याला ‘नाही’ आले तर यादी मेलेली आहे. दुसऱ्याला ‘होय’ आले तर यादी वेडी झाली आहे. ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत असे दोन प्रश्न विचारून साक्षीदाराची पारख करण्याचा हा प्रकार. प्रयोगशाळेत आपण प्रत्येक परीक्षणाबरोबर ज्ञात नमुने ठेवतो, त्यातलाच.

भविष्यातून आलेली पत्रे

स्पॅम पाठवणारे पत्रावर मुद्दाम पुढची तारीख घालत, म्हणजे तारखेनुसार लावलेल्या पेटीत ते पत्र सर्वांत वर राही. म्हणून स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम होता : पत्रावरील वर्ष २०१० किंवा त्यापुढचे असेल, तर ते दूरच्या भविष्यातले समजून गुण द्यावेत. नियम लिहिला तेव्हा तो योग्यच होता. पण १ जानेवारी २०१० रोजी भविष्य वर्तमान झाले आणि त्या दिवशीच्या प्रत्येक पत्राला या एकाच नियमाने कमाल ३.६ पर्यंत गुण मिळू लागले. एरवी दीड-दोन गुण मिळवून सुटणारी साधी पत्रे पाचाची रेषा ओलांडू लागली. दुरुस्त नियम त्याच दिवशी उपलब्ध झाला. विशेष म्हणजे ही चूक २००९ मध्येच लक्षात येऊन पुढच्या आवृत्तीत सुधारलेली होती. लोकांच्या वापरातल्या आवृत्तीपर्यंत मात्र ती सुधारणा पोचली नव्हती.

येथे गाळणी स्वतः कोणाचेही पत्र परत पाठवत नव्हती, ही जमेची बाजू वाटेल. प्रत्यक्षात तीच खरी अडचण आहे. ज्यांनी शिक्का मारलेली पत्रे ‘स्पॅम’च्या कप्प्यात टाकण्याची सोय केली होती, त्यांची पत्रे तिथे जाऊन पडली, ज्यांनी ती परस्पर नष्ट करण्याची आज्ञा दिली होती, त्यांची नाहीशी झाली. पाठवणाऱ्याला ‘२५०’ मिळालेले असल्यामुळे त्याला संशय येण्याचे कारणच नव्हते. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला, चहा कुठे गेला हे न कळणारा बिघाड तो हाच.

मग गाळणीने पत्र नाकारून तसे उलट टपाली कळवावे, असे कोणी म्हणेल. पण स्पॅमवरचा परतीचा पत्ता बहुधा खोटा, कोणा तिऱ्हाइताचा असतो. पत्र स्वीकारून मग परत पाठवले, तर ज्याने काहीच पाठवले नाही अशा माणसाच्या पेटीत परतीच्या पत्रांचा ढीग पडतो. म्हणून निर्णय सही करण्यापूर्वीच, म्हणजे टिंबानंतरचे ‘२५०’ देण्याआधी, घ्यावा ही रीत आता मान्य झाली आहे. त्या क्षणी दिलेला नकार समोरच्या खऱ्या संगणकालाच मिळतो. आणि याच क्षणी तिसरे उत्तरही देता येते.

तेहतीस डिसेंबर

तिसऱ्या उत्तराऐवजी चुकून दुसरे दिले तर काय होते, हे १४ व १५ डिसेंबर २०२० रोजी दिसले. त्या वेळी बिघडली होती ती गाळणी नव्हे, तर जीमेलची स्वतःची एक मांडणी. एका बदलाच्या ओघात टपाल घेणाऱ्या यंत्रणेला स्वतःच्या क्षेत्राचे चुकीचे नाव मिळाले. त्यामुळे खरे पत्ते शोधूनही सापडेनात आणि चालू असलेल्या पेट्यांसाठीही काही तास ‘५५०, अशी पेटी नाही’ असे उत्तर जाऊ लागले. पाठवणाऱ्या संगणकांनी ते प्रमाण मानले. का मानू नये? पाचाचा अर्थच कायमचा नकार. पत्रे रांगेत न राहता तत्काळ परत गेली. शिवाय मोठ्या याद्यांना पत्रे पाठवणाऱ्या बऱ्याच यंत्रणा असा नकार मिळाला की तो पत्ता यादीतून काढून टाकतात. म्हणजे बिघाड काही तासांचा, पण त्याचा परिणाम पुढे रेंगाळणारा.

याच्या उलट घटना १ जानेवारी २०२२ ची. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१६ व २०१९ या टपाल-प्रणालींमध्ये पत्रांतील विषाणू शोधणारी एक गाळणी असते. तिच्यासाठी येणाऱ्या नव्या माहितीला दहा अंकी क्रमांक दिला जाई : दोन अंक वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन तारखेचे आणि चार अनुक्रमाचे. नव्या वर्षाचा पहिला क्रमांक झाला २२०१०१०००१. तो साठवण्यासाठी राखलेली जागा ३२ द्विमान अंकांची होती. त्यातला एक अंक धन-ऋण चिन्हासाठी गेला की उरलेल्या ३१ अंकांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७. २०२१ सालातला कोणताही क्रमांक ‘२१’ने सुरू होई आणि महिना १२ च्या पुढे जात नसल्यामुळे या मर्यादेत बसे. ‘२२’ने सुरू होणारा बसणे शक्यच नव्हते. मध्यरात्री गाळणी कोसळली आणि जगभरच्या कचेऱ्यांतील पत्रे जागच्या जागी थांबली.

थांबली, पण हरवली नाहीत. गाळणीचा निकाल येईना म्हणून पत्रे रांगेतच उभी राहिली. दिवस शनिवारचा, त्यातून नववर्षाचा. व्यवस्थापकांनी सुट्टी सोडून गाळणी तात्पुरती वगळली किंवा मायक्रोसॉफ्टने दिलेली दुरुस्ती बसवली, आणि रांगा हळूहळू वाहू लागल्या. दुरुस्तीही गमतीची होती. नव्या माहितीला क्रमांक दिला गेला २११२३३०००१. वर्ष २१, महिना १२, तारीख ३३! कोणत्याही दिनदर्शिकेत नसलेली तारीख, पण ३१ अंकांत मावणारी.

बिघाड कोणत्या बाजूला कलावा?

रेल्वेच्या जुन्या हात-सिग्नलची तार तुटली, तर त्याचा हात आपोआप ‘थांबा’च्या स्थितीत जातो. गाडीला उशीर होतो, पण अपघात होत नाही. तार कधीच तुटणार नाही असा दावा ही रचना करत नाही. तुटली तर कोणत्या बाजूला कलायचे, एवढे ती आधीच ठरवून ठेवते. टपालाच्या गाळणीबाबतही हाच विचार करावा लागतो.

‘सेंडमेल’ या जुन्या टपाल-प्रणालीत बाहेरची गाळणी जोडताना तीन पर्याय दिलेले आहेत. गाळणी उत्तर देत नसेल तर पत्र नाकारा. किंवा ‘नंतर या’ म्हणा. किंवा गाळणी नाहीच असे समजून पत्र आत घ्या. वित्से व्हेनेमा यांच्या ‘पोस्टफिक्स’मध्ये वेगळे काही सांगितले नाही, तर अशा गाळणीसाठी ‘नंतर या’ हाच पर्याय धरला जातो. तिथे आणखी एक कळ आहे. ती दाबली की कायमचे सगळे नकार तात्पुरत्या नकारांत बदलतात, पाचाचा चार होतो. नवी मांडणी करून पाहताना किंवा काहीतरी बिनसल्याचा संशय येताच ही कळ दाबावी. चूक निघाली तर पत्रे पाठवणाऱ्याकडे सुरक्षित असतात.

हे सर्व पाहता गाळणी बिघडल्यावर करायच्या कामांचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम कायमचे नकार थांबवून ‘नंतर या’ सुरू करावे. रांगेतील पत्रे पुसून टाकून मोकळे होण्याचा मोह टाळावा. रांग वाढत असते, म्हणून तबकडीवर जागा किती आहे ते पाहत राहावे. मग गाळणी लवकर दुरुस्त होईल की तिच्यावाचून टपाल आत सोडावे लागेल, ते ठरवावे. गाळणी वगळली तर नकोसे आणि प्रसंगी धोक्याचे टपालही आत येईल, हे लोकांना आधी सांगावे. रांगेलाही मुदत असते. ती कुठे पाच दिवसांची, कुठे दोनच दिवसांची असते. म्हणून हा निर्णय मुदतीच्या आत व्हायला हवा. दुरुस्तीनंतर साठलेली पत्रे एकदम न सोडता हळूहळू सोडावीत. शेवटी, गाळणी बिघडल्या काळात ‘स्पॅम’च्या कप्प्यात गेलेली पत्रे पुन्हा तपासावीत, आणि ज्यांची पत्रे परत गेली त्यांना कळवावे.

तिसऱ्या उत्तराची आणखी एक करामत सांगायला हवी. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी असे सुचवले की अनोळखी संगणकाकडून आलेल्या पहिल्या पत्राला मुद्दाम ‘नंतर या’ म्हणावे. नियम पाळणारा संगणक पत्र रांगेत ठेवून थोड्या वेळाने पुन्हा येईल. घाईघाईने लाखो पत्रे उधळणारा स्पॅमचा संगणक मात्र बहुधा परत येणार नाही. १९८२ मध्ये दुबळ्या यंत्रांना सांभाळून घेण्यासाठी योजलेले उत्तर अशा रीतीने स्वतःच एक गाळणी झाले! पुढे स्पॅमवालेही परत यायला शिकले, हे खरे. तरी कल्पना नामी होती.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा विषय वर्गात नाट्यरूपाने चांगला घेता येतो. चार विद्यार्थी निवडावेत : पाठवणारा, घेणारा, गाळणी आणि घड्याळ. वरचे संभाषण त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे. मग गाळणी झालेल्या विद्यार्थ्याला गुपचूप एक चिठ्ठी द्यावी. त्यावर कधी ‘गप्प राहा’, कधी ‘प्रत्येकाला वाईट म्हण’, तर कधी ‘प्रत्येकाला चांगले म्हण’ असे लिहिलेले असावे. घेणाऱ्याने कोणते उत्तर दिले तर दहा पत्रांपैकी किती पोचतात, किती परत जातात, किती वाट पाहतात आणि किती बेपत्ता होतात, याचा तक्ता बाकीच्या वर्गाने फळ्यावर मांडावा. गाळणी वेडी झाली आहे हे ओळखण्यासाठी कोणती दोन ठरलेली पत्रे पाठवाल, हेही विचारावे.

गणिताच्या तासाला २ चा ३१ वा घात हाताने काढता येईल. आठ अंकी तारीख, म्हणजे वर्षाचे चारही अंक धरून लिहिलेला दिनांक, ३१ द्विमान अंकांत मावतो का, आणि मावत असेल तर त्यापुढे अनुक्रमाचे किती अंक लिहिता येतील, हे मुलांना शोधू द्यावे.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट. महत्त्वाचे पत्र ई-मेलने पाठवले आणि उत्तर आले नाही, तर ‘परत आले नाही म्हणजे पोचले’ असे धरू नये. ‘२५०’ ही यंत्राने यंत्राला दिलेली पावती असते. माणसाची पोच माणसाकडूनच मागवावी. आणि आपल्याला आलेल्या पत्राची पोच, एका ओळीची का होईना, आपणही पाठवावी.